दारावरची पाटी

आल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नानांनी ओट्यावर बाज टाकली, मोसंब्यांचं टोपलं पुढ्यात ओढलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “माय, तिकडं तुला म्हणं जिना झाडावा लागतो?”

आईनं सांगितलेलं दिसत होतं. नाना माझे थोरले चुलते. मी तीन वर्षांपासून जर्मनीत श्टुटगार्ट शहरात नर्स आहे आणि दिवाळीला तीन आठवड्यांच्या रजेवर वडीगोद्रीला आले होते. जालना–अंबडकडून येणारा रस्ता सोलापूर–धुळे महामार्गाला जिथे मिळतो, तिथलं हे गाव. दक्षिणेला थोडं गेलं की शहागड आणि गोदावरी. पूर्वी तिकडच्या मराठी माणसांना गाव सांगताना मला अंबडपासून सुरुवात करावी लागायची. २०२३ आणि २०२४ मध्ये आरक्षणाच्या आंदोलनांमुळे अंतरवाली सराटी आणि वडीगोद्री ही नावं बातम्यांत सारखी येत राहिली, आणि आता पुण्याचा माणूसही नाव ऐकून ओळखीची मान हलवतो.

फाट्यावरच्या पोरांचे प्रश्न वेगळे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्याची राजधानी श्टुटगार्ट. त्यामुळे पोरं व्हिसा, पगार आणि भाषेची परीक्षा विचारत होती. नानांना त्यातलं काही नको होतं. त्यांना जिना हवा होता.

“लागतो की,” मी म्हटलं. “पण मला एकटीला नाही. सगळ्या इमारतीला. पाळीनं.”

श्टुटगार्ट ज्या श्वाबेन मुलखात आहे, तिथे ‘केअरवोखे’ नावाची रीत आहे. केअर म्हणजे झाडणं, वोखे म्हणजे आठवडा. ज्या घराची पाळी, त्या घराच्या दाराला एक लहानशी पाटी अडकवलेली असते. जिना, तळघराकडची वाट, दारासमोरचा फुटपाथ त्या घरानं आठवडाभर स्वच्छ ठेवायचा आणि आठवडा सरला की पाटी शेजारच्या दाराला लावायची. शहराच्या १४९२ सालच्या नियमांत प्रत्येकानं आपल्या दारची घाण आठवड्याच्या आठवड्याला बाहेर नेली पाहिजे असं कलम होतं. या रीतीचं मूळ लोक तिथपर्यंत नेतात. आपल्याकडे त्या वेळी अहमदनगरची निजामशाही नुकती उभी राहत होती.

“शिकलेली माणसंबी झाडतात?”

“माझ्यानंतर ज्यांची पाळी येते ते मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. शनिवारी सकाळी बादली-पोतेरं घेऊन पायरी न् पायरी पुसतात. त्यांच्यानंतर एका वकीलबाईंची पाळी.”

नानांनी मोसंबी सोलून अर्धी माझ्या हातात दिली. “ते चांगलं हाय. पण मला एक सांग. पाटी लावून झाडायला सांगावं लागतं, मंग त्यात आपलेपणा कुठं ऱ्हायला? तुझी आजी काय पाटी बघून सडा टाकत होती? कोंबडं आरवायच्या आत दारात सडा आन् रांगोळी. तिला कुणी सांगितलं नव्हतं.”

“आजीनं टाकला. आईनं टाकला. काकू रोज टाकतात. तुम्ही कधी टाकला का, नाना?”

नाना मोठ्यानं हसले. आतून काकूंचंही हसू ऐकू आलं.

मी ते हसण्यावारी नेलं नाही, कारण त्या पाटीनं मला खरोखरच काहीतरी शिकवलं. आपल्याकडे उंबऱ्याच्या आतली घाण बाईची, अंगणापलीकडची घाण एखाद्या जातीची, आणि त्याही पलीकडची कुणाचीच नाही. पाटीला यातलं काही कळत नाही. ती इंजिनिअरच्या दाराला लागते तशीच काल आलेल्या नर्सच्या दाराला लागते. पहिल्यांदा ती माझ्या दाराला लागली, तेव्हा मी या इमारतीत मोजली गेले असं मला वाटलं.

“गाडगेबाबा तेच करायचे,” नाना म्हणाले. “गावात शिरले की आधी खराटा, कीर्तन मंग. त्यांच्या नावाचं अभियान आलं तवा आम्हीबी गाव झाडलं. पण तपासणी झाली आन् खराटे परत गोठ्यात गेले.” थोडं थांबून म्हणाले, “हिवाळ्यात काय करतेस? सडा टाकतेस का?”

“हिवाळ्यात पाण्याचा थेंब टाकायचा नाही. त्याचा बर्फ होतो आणि म्हातारं माणूस घसरून पडतं. फुटपाथवरचा बर्फ खोऱ्यानं ओढायचा आणि वर बारीक खडी टाकायची. कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत.”

“खडीचा सडा,” नाना म्हणाले, आणि हा शब्द त्यांना इतका आवडला की त्या आठवड्यात घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तो सांगितला.

रविवारचं कळल्यावर तर ते खूश झाले. जर्मनीत रविवारी किराणा, कपडे, लोखंड, सगळी दुकानं बंद. रविवारच्या विश्रांतीला तिथल्या राज्यघटनेचं संरक्षण आहे. शनिवारी रात्री मीठ संपलं तर सोमवारपर्यंत शेजाऱ्याकडून मागून आणायचं. नाना म्हणाले, “आपल्या घरी सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नव्हते. आता बैल गेले, ट्रॅक्टरला सोमवार कशाचा! तिथं माणसाला दर आठवड्याला पोळा हाय म्हण.” पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीचे पंचवीस सेंट दुकानातलं यंत्र परत देतं, हे त्यांना नवं वाटलं नाही. सोड्याची गोटीची बाटली परत दिल्याशिवाय दुकानदार सोडत नव्हता, ते दिवस त्यांनी पाहिलेले. संध्याकाळच्या जेवणाला मात्र त्यांनी हात जोडले. तिथे पुष्कळ घरांत रात्री चूल पेटत नाही. पाव, लोणी, चीज, काकडी, एवढंच. मी म्हटलं, नाना, तुम्ही सकाळी शिळी भाकर दह्यात कुस्करून खाता, तसंच समजा. ते म्हणाले, “ते सकाळी. दिवसभर राबून आल्यावर पोटाला ऊन लागतं.” यावर माझं काही चाललं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही मत तेच आहे. मी रात्री वरण-भात लावते.

*

दुसऱ्या दिवशी विषय भाषेवर गेला. माझा धाकटा चुलतभाऊ जर्मनच्या क्लासला जायचं म्हणत होता आणि ‘लई अवघड’ म्हणून घाबरला होता. त्याला समजावत होते, नाना ऐकत होते.

जर्मन शिकताना मराठी माझ्या किती कामी आली, हे मी प्रत्येक मराठी मुलाला सांगते. आमच्या वर्गात केरळच्या मुली होत्या. केरळच्या नर्सा जर्मनीत १९६० च्या दशकापासून जात आल्या आहेत, त्यामुळे त्यांच्या मावश्या-आत्या तिथे होत्या, सल्ला द्यायला माणसं होती. माझं तिथे कुणीच नव्हतं. पण जर्मनमध्ये वस्तूंची तीन लिंगं असतात हे ऐकून त्या हबकल्या, आणि मी निर्धास्त होते. मल्याळममध्ये चमच्याला लिंग नसतं. आपण तो, ती, ते म्हणतच मोठे झालो. जर्मनमध्ये चमचा ‘तो’, काटा ‘ती’, सुरी ‘ते’. पाठ करावं लागतंच, पण मन तयार असतं. मुलगी हा शब्द तिथे नपुंसकलिंगी आहे. इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्याला ते विचित्र वाटतं. आपल्याकडे ‘ते लेकरू’ आहे, ‘ते पोरगं’ आहे, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

“सूर्य?” नानांनी विचारलं.

“सूर्य बाई आहे. चंद्र पुरुष.”

“चंद्र मामा हाय म्हणल्यावर पुरुषच की. पण सूर्य बाई?” मग स्वतःच म्हणाले, “तिथलं ऊन आपल्यासारखं जाळत नसंल. मायेचं असंल.”

आकडे तर थेट आपलेच. इंग्रजीत वीस-पाच म्हणतात. जर्मनमध्ये पाच-आणि-वीस. पंचवीस! पाच आधी, वीस नंतर. घड्याळातही तेच. अडीच वाजले हे सांगायला ते ‘अर्धा तीन’ म्हणतात, म्हणजे तिसरा तास अर्धा झाला. आपला ‘अडीच’ हा शब्द संस्कृतातल्या अर्धतृतीय, म्हणजे अर्धा तिसरा, यावरूनच आलेला. आणि श्वाबेनमध्ये पावणेतीनला ‘पाऊण तीन’ म्हणतात. माझ्याबरोबर काम करणारी उत्तर जर्मनीतली नर्स त्यात गोंधळते. मी गोंधळत नाही, कारण मी पाऊणकी, सव्वाकी, दीडकी म्हणणाऱ्या घरात वाढले.

नानांनी तिथल्या तिथे अडीचकी म्हणून दाखवली, दहापर्यंत.

“आन् भेटल्यावर काय म्हणतात?”

“ग्र्यूस गॉट. त्यात देवाचं नाव आहे.”

“म्हंजे रामराम.”

“रामरामच. दवाखान्यात, दुकानात, जिन्यात. ओळख नसली तरी.”

“मोठ्याला अरे-तुरे करतात का?”

“नाही. ‘दू’ म्हणजे तू आणि ‘झी’ म्हणजे तुम्ही. तुम्हीवरून तूवर यायचं तर मोठ्या माणसानं आधी म्हणायचं असतं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला दोन वर्षांनी सांगितलं, आता मला तू म्हण.”

“दोन वर्षं?” नानांनी फोड तोंडाशी नेता नेता थांबवली. “दोन वर्षं एका जिन्यात ऱ्हाऊन?”

इथून आमचा खरा वाद सुरू झाला.

*

नानांचं म्हणणं असं, की ज्या गावात शेजाऱ्याला जवळ यायला दोन वर्षं लागतात, ते गाव कितीही झाडलेलं असलं तरी सुनंच. “तुझी आजी मागच्या उन्हाळ्यात न्हाणीत पडली. मी शेतात होतो. मला फोन लागायच्या आत पाच माणसं घरात होती. एकानं गाडी काढली, एकीनं धाकट्या लेकराला उचलून आपल्या घरी नेलं. कुणाला पाटी लावली नव्हती. तू तिकडं पडलीस तर?”

“एकशे बारा फिरवायचा. गाडी येते.”

“गाडी येती. माणूस येतं का?”

मी लगेच उत्तर दिलं नाही. माझ्या वॉर्डात हा प्रश्न मी रोज पाहते. जालन्याच्या किंवा अंबडच्या सरकारी दवाखान्यात एका रोग्यामागे चार माणसं असतात. एक डबा आणतो, एक पाय दाबतो, एक औषधाला पळतो, एक नुसता दारात बसून राहतो. माझ्या वॉर्डात नातेवाईक भेटीच्या वेळी फुलं घेऊन येतात, तासभर बसतात आणि जातात. रात्री सहसा कुणी थांबत नाही. रोग्याला अंघोळ घालणं, दात घासून देणं, भरवणं, कूस बदलणं, केस विंचरणं, हे सगळं नर्सचं काम. पहिल्या महिन्यात मला ते पाहून रडू यायचं. नव्वदीचे आजोबा, आणि त्यांचं तोंड पुसायला वडीगोद्रीची पोर.

“पण नाना,” मी म्हटलं, “त्या आजोबांना मुलगा नसता तरी त्यांचं तोंड तसंच पुसलं गेलं असतं. तेवढ्याच नीट. आपल्याकडे ज्याच्यामागं चार माणसं नाहीत, त्याचं काय होतं ते मी प्रशिक्षणाच्या वेळी पाहिलंय. तिथंही नर्सला ‘श्वेस्टर’ म्हणतात. श्वेस्टर म्हणजे बहीण. त्या हाकेवर मी जाते.”

“ते तुझं पगाराचं काम झालं.”

“हो. पण माया करू नये असं पगाराच्या कागदावर लिहिलेलं नसतं.”

नाना काही बोलले नाहीत. मग मी दुसरी गोष्ट सांगितली, जी मला जास्त बोलायची होती. उशिराची पाळी रात्री नऊच्या पुढे संपते. दहाच्या सुमाराला मी एकटी ट्रामनं घरी येते. चढाच्या शेवटच्या जिन्यावर दिवे असतात. श्टुटगार्ट डोंगरांच्या उतारावर वसलेलं आहे, शहरातच द्राक्षांचे मळे आहेत आणि उतार चढायला चारशेहून अधिक सार्वजनिक जिने आहेत. त्या वाटेवर मला कुणी विचारत नाही, की इतक्या उशिरा कुठून आलीस. इथे फाट्यावर सात वाजता उभी राहिले तरी तीन जण विचारतात.

“काळजीनं विचारतात, माय.”

“कळतं मला. पण भावाला नाही विचारत.”

काकू आतून येऊन उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “खरं हाय तिचं.” बस एवढंच. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि टोपल्यातली एक मोसंबी त्यांच्याकडे सरकवली.

मला न विचारण्यातही आदर दिसतो, नानांना त्यात परकेपणा दिसतो. तीन आठवडे आम्ही दोघं आपापल्या जागी ठाम राहिलो. खालच्या आजींनी मला ‘तू म्हण’ सांगितलं ते त्यांच्या स्वयंपाकघरात. त्यांनी लिन्झेन मिट श्पेत्सले केलं होतं. हे श्वाबेनमधलं घराघरातलं जेवण. मसुराची घट्ट आमटी आणि अंड्याच्या पिठाच्या घरी पाडलेल्या आखूड शेवया. वर सॉसेज असतं, माझ्या ताटातलं त्यांनी काढलं होतं. नानांना मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “दोन वर्षांनी दिलेलं ताट मनापासून दिलं असंल, ते मान्य.” त्यांच्याकडून याहून जास्त मी मागितलं नाही.

*

तिसऱ्या संध्याकाळी मी दारावरच्या घंटेची गोष्ट सांगत होते. जर्मनीत इमारतीत घराला नंबर नसतो, निदान पत्त्यावर नसतो. घंटेच्या बटणाशेजारी आडनाव असतं, पत्रपेटीवर आडनाव असतं. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. राहायला आल्यापासून चौदा दिवसांच्या आत पालिकेच्या कचेरीत नोंद करावी लागते. घरमालकांनी माझं आडनाव छापलेली पट्टी घंटेशेजारी बसवली, त्या दिवशी मी तिचा फोटो काढून घरी पाठवला होता. नानांनी तो पाहिला होता.

“तवाच तुला सांगायचं होतं,” नाना म्हणाले. “तुला हे सगळं गमतीचं दिसतं, कारण तुझं नाव दारावर हाय. कागद हाय, पगार हाय, परत यायचं तिकीट हाय. परमुलूख मीबी पाहिलाय. मला गंमत दिसली नव्हती.”

हे मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

१९७७ साल. नाना सोळा वर्षांचे. जायकवाडीचं उद्घाटन १९७६ मध्ये झालं होतं, पण आमच्या रानाला कालव्याचं पाणी पोचायला अजून अवकाश होता. आजोबांनी मुकादमाकडून उचल घेतली आणि आजी, आजोबा, नाना ऊस तोडायला कोल्हापूरकडे गेले. उसाच्या पाचटाची कोपी बांधायची, पहाटे फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, रात्री टायरगाडी भरून कारखान्यावर रांगेत उभी करायची. उरलेले वाढे विकून मीठ-मिरची.

“तिथं आम्हाला ‘बीडवाले’ म्हणायचे. मी सांगायचो, आमचा जिल्हा औरंगाबाद. तवा जालना जिल्हा झाला नव्हता, तो एक्याऐंशीला झाला. पण कुणी ऐकत नव्हतं. मराठवाड्यातून आला, कोयता हाती हाय, म्हंजे बीडवाला. माझं ‘काहून’ ऐकून पोरं हसायची. तिकडची माणसं गोड बोलतात, सगळ्यांना ‘पावनं’ म्हणतात. मलाबी म्हणायची. पण पावनं म्हणून उंबऱ्याच्या आत कुणी घेतलं नाही. पाच महिने.”

“कुणीच नाही?”

“एका मालकाची म्हातारी होती. तिनं एकदा ताक दिलं आन् विचारलं, लेकरा, तुझं नाव काय? गावाचं नाव मी विसरलो. तिला नाही विसरलो.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. महामार्गावरून उसाचा एक ट्रॅक्टर अंकुशनगरच्या कारखान्याकडे गेला, दोन ट्रॉल्या लावलेला, टेपवर गाणं मोठ्यानं लावलेला.

नानांचं म्हणणं मला तिथेच पटलं. नव्या देशाची मजा दिसायला पोट भरलेलं लागतं आणि दारावर नाव लागतं. मी परदेशाबद्दल जे हसत हसत सांगते, त्याच्याखाली एक करारपत्र आहे, आजारपणाची रजा आहे, भाषेचा दाखला आहे. कोपीत राहणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराकडे यातलं काही नव्हतं. पण एक गोष्ट मी त्यांना सांगितल्याशिवाय राहिले नाही. त्या म्हातारीनं जे ताकाबरोबर दिलं, तेच मला त्या घंटेवरच्या पट्टीनं दिलं. तिथे ते एकट्या म्हातारीच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. रीतच तशी आहे, म्हणून ते मला पहिल्या आठवड्यात मिळालं.

“रीत पाहिजे,” नाना म्हणाले. “हे बाकी खरं.”

*

जायच्या चार दिवस आधी मी त्यांना फोनवर कानश्टाटच्या जत्रेचे फोटो दाखवले. श्टुटगार्टच्याच या भागात दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी मोठी जत्रा भरते. पाळणे, खाणं-पिणं, गर्दी. मधोमध एक उंच लाकडी खांब, धान्याच्या ओंब्या, भोपळे, फळं यांनी सजवलेला.

“हा कशाचा खांब?”

“दुष्काळाचा.”

१८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याच्या राखेनं आभाळ झाकलं आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. पिकं कुजली, लोक उपाशी मेले, हजारो जण देश सोडून गेले. म्हणजे श्वाबेनची माणसंही पोटासाठी परमुलखात गेलेली आहेत. १८१८ मध्ये राजा विल्हेल्म यांनी होहेनहाइमला शेतीचं शिक्षण देणारी संस्था काढली आणि त्याच वर्षी शेतकऱ्यांसाठी कानश्टाटला ही जत्रा भरवली. संस्था आज विद्यापीठ आहे आणि जत्रा अजून भरते.

नाना उठून बसले. “आपलं परभणीचं कृषी विद्यापीठ बहात्तरचं.”

खरंच, मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ चं, दुष्काळाच्याच वर्षातलं. नाना तेव्हा अकरा वर्षांचे. आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. सुकडी खाल्ली, आणि रेशनवर आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली. ती अमेरिकेची होती. “म्हंजे घरात परदेश आधी माझ्या ताटात आला,” ते म्हणाले. “भाकर थापताना तुटायची. तरी खाल्ली.” मग पुन्हा त्या खांबाच्या फोटोकडे पाहत राहिले. “दोनशे वर्षं झाली तरी ध्यानात ठेवलं. ही माणसं आपल्यातली हायेत, माय. जा तू खुशाल.”

इतके दिवस त्यांना जे पटवता आलं नव्हतं, ते भोपळ्यांनी सजलेल्या एका खांबानं पटवलं.

*

तेव्हाच मी एक मनातलं विचारलं. आमच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये कापूस वेचायला मध्य प्रदेशातून आलेली माणसं राहत होती. पुरुष-बाया मिळून सात जण, आणि दोन लेकरं. मी आल्यापासून घरात त्यांचा उल्लेख एकच होता, ‘एमपीवाले’. एमपीवाल्यांना पीठ द्यायचंय. एमपीवाल्यांनी आज किती किलो वेचला.

“नाना, त्यांची नावं काय?”

“मुकादमाला माहीत हायेत.”

“तुम्हाला?”

नानांनी उत्तर दिलं नाही. ते रागावले असं मला वाटलं. रात्री जेवतानाही गप्प होते.

सकाळी सहा वाजता त्यांनी मला उठवलं. “चल.” आम्ही शेतात गेलो तेव्हा शेडसमोर तीन दगडांच्या चुलीवर भाकरी चालू होत्या. नानांनी रामराम घातला, खाली बसले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत एकेकाला नाव विचारलं. सातही जणांना, आणि दोन्ही लेकरांना. परत येताना त्यांनी ती नावं मला म्हणून दाखवली. एक विसरलं, तर अर्ध्या वाटेतून पुन्हा मागे गेले. दुपारी शेडच्या दारावर बल्ब लावला आणि पाण्याची टाकी धुऊन भरली. लेकरांना शाळेत बसवता येईल का, ते विचारायला संध्याकाळी गुरुजींकडे गेले.

त्या सात जणांतल्या सर्वांत मोठ्या बाईनं नानांनाही त्यांचं नाव विचारलं होतं. दोन आठवडे ती त्यांना नुसतं ‘मालक’ म्हणत होती.

आपल्या जिल्ह्यात या दिवसांत कापसाच्या रानात, उसाच्या फडात, वीटभट्टीवर, जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत परमुलखातून आलेली माणसं आहेत. तुमच्याकडे असतील तर आजच त्यांना त्यांचं नाव विचारा, आणि उद्या त्या नावानं हाक मारा.